धाडस आणि दोस्ती: लहान मुलांच्या साप्ताहिक क्लबबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाव नोंदवण्याआधी, पहिल्या दिवशी मुलाला सोडताना आणि कधी कधी रात्री उशिरा मेसेज करून पालक जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ती दोन ओळींत देणं आम्हाला बरोबर वाटलं नाही.

हा क्लब नेमका कशासाठी आहे?

पाच ते आठ वर्षांची चोवीस मुलं आठवड्यातून एकदा दीड तास भेटतात. सहा-सहांच्या चार टोळ्या असतात आणि प्रत्येक टोळीत लहान-मोठी मुलं मिसळलेली असतात. दर वेळी टोळीपुढे एखादं काम ठेवलं जातं. ते थोडं अवघड असतं, थोडी धाकधूक वाटायला लावणारं असतं आणि एकट्याने होण्यासारखं मुळीच नसतं.

सगळं त्या शेवटच्या अटीवर उभं आहे. दोस्ती शिकवून येत नाही, असं आमचं ठाम मत झालं आहे. 'वाटून घ्या', 'सगळ्यांशी छान वागा' असं मुलांना कितीही सांगितलं तरी ते कानावरून जातं. पण दोघांनी मिळून काहीतरी जड उचललं, की आपोआप बोलणं सुरू होतं.

एक उदाहरण सांगते. लांब काठीला पाण्याची बादली अडकवायची आणि दोघांनी काठीची दोन टोकं खांद्यावर घेऊन मैदानाच्या पलीकडे न्यायची. जोडीत एक उंच, एक बुटका. चालायला लागलं की काठी तिरकी होते, बादली बुटक्याकडे घसरते आणि सगळं ओझं त्याच्या खांद्यावर येतं. पाणी हिंदकळतं, चड्डी भिजते, 'तू नीट धर', 'तूच नीट धर' सुरू होतं. मग कधीतरी उंच मुलाच्या लक्षात येतं, की आपण काठी खांद्यावरून काढून हातात, खाली धरली तर बादली मध्ये राहते. त्याला कोणी समजूतदारपणाचा धडा दिलेला नसतो. तो बादलीसाठी खाली वाकतो, आणि वाकल्यावर शेजारच्याची उंची त्याला पहिल्यांदा नीट कळते.

पाच ते आठच का? माझी धाकटी चार वर्षांची आहे, पण खूप चुणचुणीत आहे.

चुणचुणीत असेलच, पण इथे प्रश्न हुशारीचा नाही. मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकी संशोधिकेने १९३२ साली लहान मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले: एकट्याने खेळणं, नुसतं बघत राहणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, एकमेकांत मिसळून खेळणं आणि शेवटी एकच उद्देश धरून सगळ्यांनी मिळून खेळणं. शेवटचा प्रकार वयाबरोबर वाढत जातो. आमचं बहुतेक काम त्या शेवटच्या प्रकारात मोडतं. त्यासाठी थोडं थांबता येणं, आपला नंबर येईपर्यंत वाट बघता येणं लागतं. चौथ्या वर्षी ते जमलं नाही तर त्यात मुलाचा काही दोष नाही.

वरची मर्यादा वेगळ्या कारणासाठी आहे. नवव्या वर्षी मुलांना अधिक लांब, अधिक उंच, अधिक स्वतंत्र हवं असतं आणि ते त्यांना मिळायला हवं.

लहानांसाठी वेगळा गट ही कल्पना काही आमची नाही. १९०७ साली बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या ब्राउन्सी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर घेतलं, त्यातून पुढे स्काउट चळवळ उभी राहिली. मोठ्या भावंडांचं बघून धाकट्यांनाही यायचं होतं. १९१४ मध्ये लहान मुलींचे आणि १९१६ मध्ये लहान मुलांचे स्वतंत्र गट सुरू झाले. लहान स्काउटांसाठीचा 'कब' हा शब्द तिथूनच आपल्यापर्यंत आला. लहान मुलं म्हणजे छोट्या मापाची मोठी मुलं नव्हेत, त्यांना त्यांच्याच वयाचा खेळ लागतो, हे तेव्हाही लक्षात आलं होतं.

एका दिवशी काय काय होतं?

आल्या आल्या गोल करून बसतो. प्रत्येकाला एक वाक्य सांगायची संधी असते. 'माझा दात हलतोय' ही सगळ्यात जास्त वेळा येणारी बातमी, आणि मग सगळ्यांना तो दात बघायचा असतो. त्यानंतर पळापळीचा एक खेळ, म्हणजे अंगातली वळवळ निघून जाते. मग चाळीस मिनिटं मुख्य काम: दोरीचा पूल, माग काढत जाणं, फळ्या आणि कापडाची झोपडी, सुईला चुंबक घासून तिचं होकायंत्र करणं, डोळ्यांवर पट्टी बांधून दोरीला धरून चालणं, असं काहीही.

नंतरची पंधरा मिनिटं आम्ही काहीच ठरवत नाही. नवीन पालकांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. 'मुलं नुसतीच इकडे तिकडे हिंडत होती' असं त्यांनी काळजीने सांगितलेलं आहे. पण मघाशी बादली वाहणारे दोघं या पंधरा मिनिटांत एकत्र बसून मुंग्यांची रांग बघतात. ओळख कामात होते, मैत्री या रिकाम्या वेळात होते. वेळ कमी पडला तर आम्ही मुख्य काम आवरतं घेतो, हा वेळ कधीच कापत नाही.

शेवटी पुन्हा गोल. तिथे एकच प्रश्न: आज तुला कोणी मदत केली? स्वतः काय केलं ते सांगायचं नाही, दुसऱ्याने काय केलं ते सांगायचं.

'धाडस' म्हणजे नक्की किती? पाच वर्षांच्या मुलाला धोक्यात घालणं मला पटत नाही.

आम्हालाही पटत नाही. म्हणूनच आम्ही जोखीम आणि धोका या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. फांदी किती उंच आहे हे मुलाला दिसतं. पोटात गोळा येतो, मूल थांबतं, विचार करतं, एक पाय पुढे टाकून बघतं. ही जोखीम. फांदी आतून किडलेली आहे, पाल्याखाली काच आहे, दोरीचा पीळ उसवला आहे, हे मुलाला दिसत नाही. तो धोका, आणि तो काढून टाकणं पूर्णपणे मोठ्यांचं काम आहे. मुलं येण्याआधी दोन जण सगळी जागा पायी फिरून बघतात, प्रत्येक फांदीवर स्वतःचं वजन टाकून बघतात, दोऱ्या हातातून इंच इंच सरकवून तपासतात. दिसणारी अडचण आम्ही मुलांसाठी शिल्लक ठेवतो, न दिसणारी काढतो.

नॉर्वेच्या संशोधिका एलन सँडसेटर यांनी २००७ साली मुलांच्या धाडसी खेळाचे सहा प्रकार सांगितले: उंची, वेग, धारदार अवजारं, पाणी-आगीसारख्या गोष्टींच्या जवळ जाणं, झटापट आणि मोठ्यांच्या नजरेआड जाणं. यादी वाचून दचकायला होतं, पण आपलं लहानपण आठवलं तर यातलं सगळं त्यात सापडतं. आमच्याकडेही हे सहाही येतात, वयाच्या मापाने. अवजार म्हणजे सोलाणं आणि ओली काठी. मूल बसलेलं असतं, काठी गुडघ्याच्या पुढे धरलेली असते, पातं अंगापासून दूर सरकतं आणि शेजारी एक मोठं माणूस फक्त त्या एका मुलाकडे बघत असतं. आग फक्त सात पूर्ण झालेल्यांसाठी, तीही एका वेळी एकाच मुलाने काडी ओढायची. पाणी घोट्याच्या वर नाही. नजरेआड जाणं म्हणजे झुडपामागच्या झोपडीत दहा मिनिटं. मुलांना वाटतं आपल्याला कोणी बघत नाही. ताई सहा पावलांवर असते.

फळ्या, टायर, जुने खोके... खेळणी का नाहीत?

घसरगुंडीचं घसरगुंडीशिवाय दुसरं काही होत नाही. फळीचं जहाज होतं, छप्पर होतं, पूल होतो, आणि ती पलीकडे न्यायला दुसरं कोणी तरी लागतं. डेन्मार्कचे उद्यानरचनाकार सोरेन्सन यांनी पाहिलं होतं, की त्यांनी आखलेल्या नेटक्या बागांपेक्षा मुलं पडीक जागेत, भंगारातच जास्त रमतात. १९४३ साली, महायुद्ध चालू असताना, कोपनहेगनजवळ एमड्रुप इथे असं भंगाराचं मैदान खरोखरच सुरू झालं. आमच्या फळ्यांना खिळे नसतात आणि कडा घासलेल्या असतात. बाकी सगळं मुलांवर.

मुलगी वर चढून घाबरली तर? तुम्ही उचलून खाली घेता का?

घेतो, जर ती खरंच थिजली असेल तर. पण आधी खूप वेळ थांबतो.

आमचा पहिला नियम असा, की कोणालाही उचलून झाडावर बसवायचं नाही. जी मुलगी स्वतःच्या हातापायांनी वर गेली, तिला वाट माहीत असते आणि ती सहसा त्याच वाटेने उतरू शकते. ज्याला आपण उचलून ठेवलं, त्याला खाली यायची वाटच ठाऊक नसते. दुसरा नियम मुलं तालावर म्हणतात: तीन धरलेले, एक सुटा. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन कायम टेकलेले हवेत आणि एकच हलवायचा.

मागे एक सहा वर्षांची मुलगी दुसऱ्या फांदीवर, साधारण माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर, जाऊन थांबली. पुढेही जाईना, खालीही येईना. खालून दोन मुलं 'ये ना, ये ना' ओरडत होती, त्यांना आधी गप्प केलं. मी खाली उभी राहिले, हात तयार ठेवले, पण तिला लावले नाहीत. 'सांभाळ, पडशील' असं म्हणायचा मोह फार होतो. ते म्हटलं की मुलाच्या डोक्यात फक्त पडणं उरतं. मी विचारलं, 'डावा पाय कुठे ठेवता येईल?' तिने पाहिलं. सालीत एक गाठ होती. पाय तिथे टेकायला तिला बराच वेळ लागला, पाय थरथरत होता, चपलेच्या जागी बूट असते तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं. पाय टेकला, मग दुसरा. जमिनीवर आल्यावर ती कोणाकडे न बघता सरळ मागे वळली आणि पुन्हा चढायला लागली. खालच्या दोघांपैकी एकाने तिला गाठ कुठे आहे ते विचारलं. तिने दाखवली.

लागलं-पडलं तर?

खरचटणार, गुडघे फुटणार, हे आधीच सांगून ठेवते. वर्षभरात एकदाही खरचटलं नाही असं मूल आमच्याकडे विरळा.

प्रथमोपचार शिकलेली किमान दोन माणसं प्रत्येक सत्राला असतात. नाकातून रक्त आलं तर मुलाला पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरतो. मान मागे टाकायची ही घरोघरची सवय चुकीची आहे, त्याने रक्त घशात जातं. भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली, त्यावर बर्फ किंवा टूथपेस्ट काही नाही. डोक्याला मार लागला तर मूल हसत-खेळत असलं तरी त्याच वेळी तुम्हाला फोन येईल. घरी गेल्यावर उलट्या व्हायला लागल्या, नेहमीपेक्षा जास्त गुंगी वाटली, चालताना तोल गेला किंवा डोकेदुखी वाढत गेली, तर थांबू नका, थेट दवाखान्यात न्या.

प्रत्येक लहान-मोठी दुखापत वहीत लिहिली जाते आणि घ्यायला येणाऱ्याची त्यावर सही घेतली जाते.

हेल्मेट पाठवू का?

चाकांच्या खेळाच्या दिवशी जरूर. चढण्याच्या दिवशी सायकलचं हेल्मेट नको. फांद्यांत किंवा जाळीत ते अडकलं तर पट्टा गळ्याला आवळतो. त्याच कारणाने गळ्यातल्या माळा, ओढण्या, मफलर आणि टोपीच्या लांब नाड्याही घरी ठेवा.

पाऊस आला तर?

पावसात भिजतो. विजा असतील तर आत जातो. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस आकडे मोजून व्हायच्या आत आवाज आला, की सगळे पक्क्या छताखाली. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं कोणी बाहेर पडत नाही. झाडाखाली आडोसा घ्यायचा नाही हे मुलंच मोठ्यांना बजावतात.

मूल मोठ्यांच्या हवाली करताना मी कशावर विश्वास ठेवायचा?

हा प्रश्न विचारायला संकोच वाटत असेल तर तो बाजूला ठेवा. प्रत्येक पालकाने तो विचारलाच पाहिजे, आम्हालाही आणि बाकी सगळ्यांनाही.

प्रत्येक सहा मुलांमागे एक मोठं माणूस असतं. मुलं कमी आली तरी जागेवर दोघांपेक्षा कमी माणसं कधीच नसतात. कोणतंही मोठं माणूस कोणत्याही मुलासोबत बंद दाराआड एकटं नसतं, शू-शीच्या वेळीही नाही. दार लोटलेलं असतं आणि बाहेर दुसरी व्यक्ती उभी असते. काम करू इच्छिणाऱ्याची ओळख, आधीच्या ठिकाणची माहिती आणि पार्श्वभूमी तपासल्याशिवाय त्याला मुलांत आणत नाही. 'ओळखीचाच आहे' हे आमच्याकडे उत्तर धरलं जात नाही.

मुलांना आम्ही एक फरक शिकवतो. गंमत लपवायची असते, कारण ती नंतर सगळ्यांना कळणार असते. गुपित कायमचं लपवायला सांगितलेलं असतं. कोणीही मोठं माणूस 'हे आईबाबांना सांगू नकोस' म्हणालं, मग ती ताई असो, दादा असो की मी, तर ते आधी आईबाबांनाच सांगायचं.

मूल कोणाच्या ताब्यात द्यायचं त्यांची नावं तुम्ही लिहून दिलेली असतात. यादीत नसलेली व्यक्ती आली तर सख्खा मामा असला तरी तुम्हाला फोन होतो. काही जण रागावतात, त्याला इलाज नाही. फोटो फक्त क्लबच्या फोनवर आणि तुमची लेखी परवानगी असेल तरच.

माग काढताना एखादं मूल हरवलं तर?

निघताना, वळणावर आणि परतताना मोजणी होते. मुलं स्वतःचा आकडा ओरडतात आणि ताई डोकीही मोजते, कारण मित्राचा आकडा ओरडणारी मुलंही असतात. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी असते, तिची दोरी ओढ बसली की सुटते अशी. आपण वाट चुकलो असं वाटलं की जवळच्या झाडाला मिठी मारायची, तिथून हलायचं नाही आणि तीन शिट्ट्या वाजवायच्या. शोधणाऱ्याला एका जागी थांबलेलं मूल लवकर सापडतं. शिवाय झाडाला धरून उभं राहिलं की रडू थोडं कमी होतं, हे मुलांनीच सांगितलं आहे.

माझा मुलगा फार बुजरा आहे. तो तिथे नुसता कडेला उभा राहील.

राहू दे. वर पार्टन यांच्या यादीत 'नुसतं बघत राहणं' आलं आहे ते आठवा. बघणं हासुद्धा खेळाचाच एक प्रकार. जो मुलगा महिनाभर कडेला उभा असतो, त्याला बहुतेक वेळा सगळ्या खेळांचे नियम पळणाऱ्यांपेक्षा नीट पाठ असतात.

अशा मुलाला आम्ही मध्ये ओढत नाही. 'चला, सगळे टाळ्या वाजवा, आज हा खेळणार' हे तर कधीच नाही, त्याच्या पोटात काय होत असेल याची कल्पना करा. त्याऐवजी त्याला हाताला काम देतो. दोरी धरून ठेव, खडे मोज, परत येणाऱ्यांची नोंद कर. काम असलं की कडेला उभं राहायला कारण मिळतं आणि इतरांना त्याच्याकडे यायलाही कारण मिळतं. 'किती झाले रे?' असं कोणीतरी विचारतंच. त्याने उत्तर द्यायचं, एवढंच.

आणि पहिल्या चार आठवड्यांनंतर टोळी बदलत नाही. निदान सहा महिने तीच सहा तोंडं. बोलक्या मुलांना नवीन चेहरे आवडतात, पण बुजऱ्या मुलाला ओळख जुनी व्हावी लागते.

तुमच्याकडून एक मदत हवी. त्याच्यादेखत 'हा ना, लाजाळू आहे हो' असं म्हणू नका. मुलं आपल्याबद्दल ऐकलेलं खरं मानतात.

दोघी जिवलग मैत्रिणी आहेत. एकाच टोळीत ठेवाल का?

पहिले चार आठवडे हो. नंतर बहुधा शेजारच्या टोळ्यांत. रिकाम्या पंधरा मिनिटांत त्या एकत्र असतातच.

भांडणं झाली तर काय करता?

भांडणं होतात, दर आठवड्याला. दिवस सुरू होतो बट्टीने, मध्ये कट्टी आणि जाताना परत बट्टी.

सुरुवातीच्या काळात माझी एक चूक झाली, ती सांगते. झोपडीच्या दारावरून दोन मुलांची जुंपली. मी दोघांना समोरासमोर उभं केलं, 'सॉरी म्हणा, हात मिळवा' म्हणाले. दोघांनी जमिनीकडे बघत सॉरी म्हटलं, हात मिळवले आणि पुढचे तीन आठवडे एकमेकांशी बोलले नाहीत. ते भांडण त्यांचं होतं. मी ते काढून घेतलं आणि माझ्या सोयीने मिटवून टाकलं.

आता आधी दोघांना दम खाऊ देतो. मग प्रत्येकाला काय झालं ते सांगू देतो, दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही. मग एकच प्रश्न: आता काय केलं म्हणजे बरं वाटेल? उत्तरं आपल्याला सुचणार नाहीत अशी असतात. दाराचा वाद एकदा झोपडीला दुसरं दार पाडून मिटला. पडली मग ती झोपडी, पण तोवर पाच जण मिळून ती सावरत होते.

एक नियम मात्र आमचा आहे आणि त्यावर चर्चा नाही. 'तू आमच्यात नको' असं कोणी कोणाला म्हणायचं नाही. कोण आवडतं हे ज्याचं त्याने ठरवावं, पण खेळ सगळ्यांचा आहे.

आणि एकच मूल पुन्हा पुन्हा एकाच मुलाला लक्ष्य करत असेल, तर ते भांडण नव्हे. तिथे दोघांना समोरासमोर बसवत नाही. त्रास आधी थांबवतो, दोन्ही घरांशी वेगवेगळं बोलतो आणि पुढचे आठवडे लक्ष ठेवतो.

माझी मुलगी व्हीलचेअर वापरते. तिला घ्याल का?

हो. येण्याआधी तुमच्याशी आणि तिच्याशी निवांत बसून बोलू. काय जमतं, काय आवडतं, कशाने दमायला होतं आणि मदत हवी तेव्हा ती कशी मागते, हे तिच्याकडूनच समजून घेऊ.

आपल्या खेळात लिंबूटिंबूची एक गोड सोय असते. लहानग्याला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद होत नाही. तीन वर्षांच्या भावंडाला त्यात मजा वाटते. सात वर्षांच्या मुलीला मात्र लगेच कळतं, की आपण खेळात आहोत पण मोजले जात नाही. म्हणून आम्ही एका मुलासाठी सूट देत नाही, खेळाचाच नियम सगळ्यांसाठी बदलतो. पकडापकडीत सगळ्यांनी जोडीने एक दोरी धरून पळायचं, असं केलं की चाकं आणि पाय यांचा वेग मिळवावाच लागतो. ज्याला गोंगाट सहन होत नाही अशा मुलासाठी टाळीऐवजी दोन्ही हात हवेत हलवायची खूण ठेवली, ती आता सगळ्यांचीच झाली आहे.

सगळं जमेलच असं म्हणत नाही. जे जमणार नाही ते स्पष्ट सांगू आणि तिला वगळून तो खेळ घेणार नाही.

पदकं, नंबर, स्पर्धा?

नाहीत. पाचव्या-सहाव्या वर्षी पहिला नंबर काढला, की बाकीच्या तेवीस जणांना काय कळतं, एवढाच विचार केला. त्याऐवजी प्रत्येकाकडे आपली एक हातभर दोरी असते. नवीन गाठ आली की ती दोरीवर राहते. पहिली बहुतेक रीफ नॉट: डावं उजव्यावर, मग उजवं डाव्यावर. दोन्ही वेळा डावंच वर घेतलं तर गाठ वेडीवाकडी बसते आणि सुटते. मुलं ती बोटाने चाचपून ओळखतात. (या गाठीवर अंगाचं वजन टाकायचं नाही, हेही त्याच दिवशी शिकवतो.) ज्याला आली त्याने दुसऱ्या कोणाला तरी शिकवली, की मगच ती पक्की धरतो.

यातून अभ्यासाला काय फायदा?

मुद्दाम अभ्यासासाठी आम्ही काही करत नाही. पावलं मोजताना आकडे येतात, खुणा वाचताना अक्षरं येतात. पण खेळ हा अभ्यासाचा नोकर नाही. १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात, कलम ३१ मध्ये, विश्रांती आणि खेळ हा मुलांचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. तो कशाच्या तरी बदल्यात दिलेला नाही.

मी तिथे थांबू का?

पहिले दोन आठवडे थांबा, थोडं लांब बसा. तिसऱ्या आठवड्यापासून सांगून जा. नजर चुकवून निघून जाऊ नका. एकदा फसवलं गेलेलं मूल पुढच्या वेळी हात सोडत नाही. जाताना रडलं तर किती वेळात शांत झालं ते मेसेजने कळवतो.

काय घालून पाठवू?

मळले तरी चालतील असे जुने कपडे, मागून पट्टा असलेले बूट, उन्हाची टोपी, पाण्याची बाटली आणि कपड्यांचा एक जास्तीचा जोड. सगळ्यावर नाव. कशाची ॲलर्जी असेल तर ती फॉर्मवर लिहाच, पण मला तोंडीही सांगा.

फी परवडली नाही तर?

कळवा. एवढ्या कारणाने कोणतंही मूल थांबलेलं नाही. इतर पालकांना आणि मुलांना ते कळत नाही.

घरी विचारलं तर 'काही नाही केलं' म्हणतो. खरंच काही करत नाही का?

केलेलं असतं. 'आज काय काय केलंस?' हा प्रश्न मुलाला फार मोठा पडतो. 'आज हात कशाने मळले?', 'पाणी सांडलं का?', 'कोण हसलं?' असं बारीक विचारा. किंवा विचारूच नका. रात्री दिवा मालवल्यावर आपसूक गोष्ट येते.

मला मदत करायची आहे. मुलांसोबत काम केल्याचा अनुभव नाही.

अनुभव चालेल, नसला तरी चालेल. वर सांगितलेली पडताळणी आणि प्रथमोपचाराचा वर्ग मात्र सगळ्यांना. बाकी एकच गोष्ट शिकावी लागते आणि ती अवघड आहे: मूल गाठीशी झगडत असताना मनातल्या मनात वीसपर्यंत मोजायचं, तोवर हात मागे ठेवायचे. बहुतेक वेळा सतरा-अठराला शेजारचं मूल सरकून येतं आणि दोघं मिळून टोक ओढायला लागतात.

यायचं असेल तर अर्धा तास आधी या. जागा फिरून बघायला आणि मागच्या आठवड्यातल्या दोऱ्यांचा गुंता सोडवायला हात लागतात.